जोड्या लावा

ह्वालिएनच्या इस्पितळात, तळघरात
यू-चिन कात्रीनं एक फोटो कापते आहे.
एकच पेशी, फुगवून पंजाएवढी केलेली,
आत गुणसूत्रं,
शिंप्याच्या पायाशी पडतात तसे दोऱ्यांचे तुकडे.
शेहेचाळीस हवेत.
तिनं दोनदा मोजले. एकाहत्तर.

काम शाळेतलंच: जोड्या लावा.
एकाशेजारी एक, दोनाशेजारी दोन,
कमरेला कमर टेकवून, डिंकाचं बोट फिरवून.
तिसऱ्यापाशी घोळ सुरू.
आखूड हात गायब, दोन्हीकडून लांबच हात.
नवव्याचा आखूड हात कोपरापासून तुटला आहे,
तिथेच राहायचा 'पुरे आता' म्हणणारा.
अकरावा एका जागी सुजलेला,
एकच ओळ कुणी गिरवत बसावं तसा.
आणि कुणाशीच न जुळणारे
सगळ्यात खाली, वेगळ्या रांगेत.

नमुना चौऱ्याऐंशी. जिभेची उजवी कड.
माणसाचं नाव तिला एरवी माहीत नसतं.

को थ्येन-वांग. संगमरवराचा ट्रक, रात्रपाळी,
एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र,
डोळा लागू नये म्हणून गालात हिरवी सुपारी,
पानाला चुना. बावीस वर्षं.
आता तोंड दोन बोटं उघडतं.
कुठे सुपारी फोडून लग्न ठरतं,
कुठे सुपारी देऊन माणूस उडवतात.
इथे ती फक्त जागं ठेवायची.

नाव कळलं, कारण पानाय जिना चुकून खाली आली.
वळणावर तिची टपरी आहे, निळ्या नळीदिव्यांची.
चष्मा घरी राहिला होता,
कागद तिनं हातभर लांब धरला.
'हा तो?'
नियम गप्प राहण्याचा.
'त्याचा एक कण,' यू-चिन म्हणाली.

बराच वेळ पानाय बघत राहिली.
मग बोट नेमकं तळाच्या रांगेवर.
'हे का बाजूला काढलेत?'
'जोडी लागत नाही त्यांची.'
'पण त्याच्याच घरातले ना?'

डिंक ओला होता अजून.
यू-चिननं काही हलवलं नाही, हलवता येत नाही.
कागदावर टेकलेल्या त्या बोटाच्या
नखाखाली चुना होता,
चिरून, माखून, मुरलेला.
पानायलाही तो तेव्हाच दिसला असावा;
तिनं हात पदराआड न्यावा तसा
जॅकेटच्या खिशात घातला.

यू-चिननं कात्री मिटली.
टोक स्वतःकडे करून ठेवली.