आडवं पालटा

व्हिदिनमध्ये मेलेल्यांना दारावर चिकटवतात,
बसथांब्यावर, लिंडेनच्या खोडावर,
ए-फोर कागदावर, काळ्या किनारीत.
ते कागद माझ्या दुकानात होतात.
झेरॉक्स, लॅमिनेशन, किल्ल्यांच्या नकला
आणि हे.

साचा तयार असतो. नाव बदलायचं, वर्षं बदलायची,
फोटो आत टाकायचा.
शिफ्ट दाबून कोपरा ओढला
की माणूस प्रमाणात लहान होतो.
शिफ्ट विसरलं तर गाल सुजतात,
नाहीतर कपाळ वर चढतं, चर्चमधल्या संतांसारखं.
नव्या पोराला, क्रासिमिरला, पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं:
कुणालाही ओढ, पण कोपऱ्याला धरून.

स्तॉयना आली मंगळवारी,
भाचीच्या लग्नातला फोटो घेऊन.
नवरा उभा. पेन्चो, फेरीबोटीवरचा मिस्त्री.
हातात ग्लास, खांद्यावर हिचाच हात.
मी चौकट आवळली. ग्लास गेला, हात गेला.
"गेला म्हणजे?"
गेला नाही, म्हटलं, आतच आहे, चौकटीआड.
ओढून दाखवलं. हात आला.
पुन्हा झाकला.
"असू दे मग आत," ती म्हणाली.

फोटो दीड अंश कलला होता
(काढणारा प्यायलेला असणार).
नऊ ठिपक्यांतला मधला निवडून
मी पेन्चोला सरळ उभा केला.
कशाभोवती फिरायचं ते आधी ठरवावं लागतं.

अडचण एकच. तो बाहेर बघत होता.
फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे,
आणि नजर कागदाच्या कडेवरून पार नदीकडे.
आमच्या धंद्यात माणसानं मजकुराकडे बघायचं असतं.
मेनू उघडला. आडवं पालटा.
पेन्चो वळला
आणि स्वतःचं नाव वाचू लागला.
वीस प्रती.

दुसऱ्या दिवशी ती एकोणीस घेऊन परत.
"हा कोण?"
बोट भांगावर. भांग भलतीकडे.
भुवईतला व्रण, साखळी तुटून लागलेली एकोणऐंशी साली,
तोही पैलतीराला पोचलेला.
"एक्केचाळीस वर्षं या तोंडासमोर बसून जेवले मी."
माफी मागितली. कंट्रोल-झेड दाबलं.
कंट्रोल-झेडनं जेवढं परत येतं तेवढं आलं.
तो पुन्हा बाहेर बघू लागला.
"बघू दे. वाचायचा कंटाळाच होता त्याला."

नव्या वीस दिल्या. पैसे घेतले नाहीत.
जुन्या पाठकोऱ्या, हिशेबाला होतील म्हणून मोजल्या
आणि विचारलं, विसावी?
ती पिशवीचे बंद बांधत राहिली.
"न्हाणीघरातला आरसा झाकलाय ना, चाळीस दिवस.
त्या फडक्यावर टाचलीय.
दाढी करताना तो रोज ह्यालाच बघायचा.
मला कधी भेटलाच नव्हता."

सहा महिन्यांनी तीच फाइल उघडली,
'सहा महिने झाले' एवढी ओळ बदलायला.
चौकट तिथंच, आत तिचा हात.
आणि पानाबाहेर, डावीकडे,
त्या करड्या पट्टीत जिथलं काही छापलं जात नाही,
पालटलेला पेन्चो.
पुसायचा राहिला होता म्हणा.
मजकुराकडे बघत होता.