डागी माल

रात्री साडेअकराला तातोबा आला,
कोपरखैरण्याच्या आमच्या जिन्यात खोकं टेकवलं, म्हणाला,
"वहिनी, पीच आहेत. डागी माल. गाळेवाल्यानं तसाच दिला.
उद्या संध्याकाळपर्यंत उरकून टाका."
पाणीही न पिता गेला, त्याची गाडी लागायची होती.

खोक्यात खाली हिंदी पेपर.
सोलनचं किमान तापमान अकरा अंश.
आमचा पंखा वरती कुरकुरत होता.
अठ्ठावीस फळं मोजली.
कुणाच्या गालावर तपकिरी चट्टा,
कुणाच्या बुडाला अंगठ्याएवढा खड्डा,
आणि वास असा
की शेजारच्या खैरुन्निसाभाभींनी दार उघडून विचारलं, काय गं?

ह्यांनी विचारलं, याला मराठीत काय म्हणायचं?
प्रणोतीनं फोनमध्ये शोधलं: सप्ताळू.
हे हसले. "एखाद्या मामलेदाराचं नाव वाटतं."

सव्वीस वर्षं ही खोकी ह्यांनी पाठीवरून वाहिली.
डोळे मिटून सांगतील, हे नासपतीचं, हे सफरचंदाचं,
हे ढिलं भरलंय, घाटात निम्मं दबलंय.
चव कशी असते विचारलं, तर म्हणाले,
"खोकं फोडायचं काम आमच्याकडं नव्हतं."

दिवाळीत गुडघा गेला.
तेव्हापासून घरात असे बसतात
जसं कुणाकडं लग्नाची पत्रिका द्यायला आलेत.

सकाळी मी सुरी दिली हातात.
प्रणोती वाचून दाखवत होती:
बुडाला फुली मारा, उकळत्या पाण्यात सोडा,
चाळीस मोजा, मग गार पाण्यात.
हे थांबले.
"फुली? बाजारात खडूची फुली म्हणजे नाकारलेलं खोकं."
इथं फुली म्हणजे साल इथून सुटणार, मी म्हटलं.
आणि खरंच सुटली,
अंगावरचा ओला सदरा निघावा तशी,
आतून पिवळं, बियेजवळ लाल,
ह्यांच्या घट्टे पडलेल्या तळव्यात घसरणारं.
दोनदा मोरीत पडलं.
दोनदा त्यांनी धुऊन घेतलं, बोलले नाहीत काही.

ओव्हन नाही आमच्याकडं.
मोठ्या कुकरात तळाला मीठ,
रबर काढलेलं, शिट्टी काढलेली.
मैदा, थोडा रवा, दही, तूप, साखर वाटीच्या मापानं.
मी वेलचीला हात घातला तशी प्रणोती ओरडली,
"आई, शिरा करायचा नाहीये!"
तिची पाठ वळल्यावर जायफळ मात्र किसलं.

चाळीस मिनिटं.
मग बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज:
"झालं. उतरव."
पेंढ्यातून आंबा कुठल्या थराला पिकलाय
हे नाकानं सांगणारा माणूस,
म्हणून मी झाकण काढलं, सुरी खुपसली,
ओलं पीठ चिकटून वर आलं.
अजून कच्चं आहे की!
हे दारात येऊन उभे, हात चौकटीला.
"फळ झालंय," म्हणाले. "पीठ राहिलंय."

आणखी अठरा मिनिटं लागली.
मधे बसकं झालं. फोडी सगळ्या तळाला गेल्या.
ताटलीत पालथं घातलं, तर त्याच वरती आल्या,
कडेला जरा करपलेल्या, मध्ये चकाकणाऱ्या.
प्रणोतीनं फोटो काढला आणि कुणाला पाठवला नाही.
ह्यांनी चमच्यानं खाल्लं, जपून,
बराच वेळ तोंडात धरलं.
कसं आहे?
"जड नाही," म्हणाले.

भाभींकडं दोन तुकडे गेले,
तातोबाला डब्यात चार, रात्रपाळीला.

परवा डबा परत आला.
रिकामा द्यायचा नसतो, म्हणून आत एक पीच,
एकच, चट्टा नाही, खड्डा नाही,
पैसे मोजून घेतलेलं, सांगितलं नाही तरी कळतं.

फ्रिजवर ठेवलंय.
हे येता-जाता उचलतात,
हातात वजन बघतात,
परत ठेवतात.