खिसे

सहकारनगरात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
माझं दुकान आहे: बर्फाचे कपडे भाड्याने मिळतील.
दिवसाला ऐंशी रुपये, अनामत वेगळी,
डाग पडला तर धुण्याचे दोनशे.
गिरणी ह्यांची. खालून ज्वारीचं पीठ उडत येतं,
काळ्या कोटांच्या खांद्यांवर भुरभुरून बसतं.
गिऱ्हाईक झटकतं आणि हसतं,
"काकू, बर्फ इथूनच सुरू होतो का?"

दिवाळी सरली की येतात सगळे.
ढमढेरे कुटुंब, नॉर्वे, पाच कोट,
त्यातला एक इतका लहान की बाहुलीचा वाटावा.
नवं जोडपं, स्वित्झर्लंड, दोघांना एकच रंग हवा,
फोटोत शोभेल असा.
आणि बहात्तर वर्षांचे घाटपांडे, एकटेच, फिनलंड.
आरशासमोर कानटोपी खाली ओढून
"उणे बावीस" म्हणाले,
मंडईतला गवारीचा भाव सांगावा तसे.

मी चेन लावून दाखवते,
आधी हातमोजा की आधी बाही, ते समजावते
अगदी जाणकारासारखी.
माझी जाण एवढीच:
एकदा महाबळेश्वरला वेण्णा तळ्याकाठी
गवतावर पांढरं पडलं होतं म्हणे पहाटे.
आम्ही चहा घेऊन पोचलो तोवर
त्याचं दव झालं होतं.

जानेवारीत कोट परत येतात.
धुण्याआधी पहिलं काम, खिसे.
ट्रामची तिकिटं. नाक पुसलेले कागद.
भाजलेल्या कसल्याशा फळाची टरफलं,
वास शिंगाड्याच्या लांबच्या नात्यातला.
घसरगाडीचा पास, त्यावर भोक पाडलेलं सात वेळा.
म्हणजे सात वेळा कुणीतरी डोंगर चढलं
केवळ घसरत खाली यायला.
त्या बाहुलीच्या कोटात गाजर निघालं,
बोटभर, सुकून वाकडं झालेलं.
खूप वेळ कळेना. कोट धुऊन झाला,
आतली पिसं मोकळी व्हावीत म्हणून
जुन्या टेनिसच्या चेंडूंबरोबर यंत्रात फिरवला,
आणि भातुकलीएवढ्या बाह्या घड्या घालताना
एकदम उमगलं: नाक!
बर्फाच्या माणसाचं नाक.
पोराने निघताना ते उपटून आणलं होतं,
सगळा माणूस आणता येत नाही म्हणून.

घाटपांडे आले शेवटी.
डावा हात प्लास्टरमध्ये, चेहऱ्यावर लाज अजिबात नाही.
"अख्खं तळं गोठलेलं हो! खाली पाणी गुरगुरतंय,
आणि वर आम्ही पात्याचे बूट घालून,
पाचवीतल्या पोरांसारखे.
तीन फेऱ्या मारल्या.
चौथी मारायला नको होती."
जरा थांबून, "पण मारली."
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कोटाची बाही
कात्रीने खांद्यापासून कापून काढलेली.
"अनामत ठेवून घ्या. वर काही लागलं तर सांगा."
म्हटलं, "लागलं तुम्हाला, मला काय लागतंय?"
जाताना जिन्यात ते शीळ घालत होते,
कठडा धरायला एकच हात होता तरी.

तो कोट आता भाड्याने जाणार नाही.

आज पारा साडेआठ. पहाटे
उरलेले कोट वाळत घालायला गच्चीत आले
तेव्हा तोच अंगात घातला.
पर्वती धुक्यात अर्धीच दिसत होती,
शेजारच्या वॉचमनने पाचोळ्याची शेकोटी केली होती,
दूध टाकणारा मफलरमधून काहीतरी गुणगुणत होता.
उजवा हात फिनलंडात, उबेत.
डावा सहकारनगरात,
त्यावर काटा उभा राहिलेला.
दोरीवरचे कोट वाऱ्याने फुगून
एकमेकांना कोपरं मारत होते,
सुट्टीला निघाल्यासारखे.

तेवढ्यात हे वर आले, चहाचे दोन कप घेऊन.
पहिलं दळण उरकून आलेले,
भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, टक्कल पांढरं.
"हे काय घातलंयस?" म्हणाले.
मी काही बोलले नाही.
खिशात माझ्या गाजर आहे,
आणि ह्यांचे दोन्ही हात अडकलेले आहेत.