खायची नाही

वार्डोत दुपारी दोनलाच काळोख.
आयलिफ भांड्यात मळतोय:
दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ,
पाणी अंदाजाने.
"खायची नाही," तिसऱ्यांदा सांगेपर्यंत
सिव्हने चाखून तोंड वाकडं केलेलं.

ओडा तारे कापते, काटेकोर.
पेल्याच्या काठाने चंद्र.
धाकटीचा मासा आहे की बूट,
विचारायचं नाही.
दोऱ्यासाठी भोक आत्ताच पाडायचं,
वाळल्यावर जमत नाही.

मग तळहात.
दाब. अजून थोडा.
सिव्हला गुदगुल्या होतात, हात सरकतो,
सहावं बोट उमटतं.
पुन्हा करू?
नको. माझं आहे ते.

माळ्यावरच्या खोक्यातून जुने निघतात.
ओडाचा मागच्या नाताळचा अंगठा
उंदराने कुरतडलेला.
आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
एक पंजा, कडेला करपलेला,
मागे खिळ्याने कोरलेलं: आयलिफ, १९८८.

ओडा त्यावर आपला हात ठेवून बघते.
तिची बोटं बाहेर येतात, पेरभर.
"बाबा, तू एवढासा होतास?"

तो ओव्हनचं दार उघडून पाहतो.
अजून दीड तास आहे, ठाऊक असूनही.
मागे सिव्ह
उरलेला गोळा पुन्हा चाखते,
कोण जाणे, बदलला असेल.