गादी सरकली म्हणतात

आमच्या सात पिढ्यांत कुणाला गादी मिळाली नाही.
मला मिळाली, पाठीत,
चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे,
आणि कळली तेव्हा सरकलेली.

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीत,
मोल्डिंगची पेटी उचलून जरा डावीकडे वळलो, इतकंच.
आवाज झाला नाही.
वाळूत गुडघे रुतले, आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत
कुणीतरी तापलेली तार ओढली.

आईनं शेजारच्या मल्लव्वाला बोलावलं, ती पायाळू.
देवाचं नाव घेऊन तिनं तीनदा लाथ लावली.
चौथीला मीच हात जोडले.

फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली:
ठोकळ्यांची उतरंड,
एका जागी काळं, ओघळल्यागत.
डॉक्टर म्हणाले, कापायचं नाही. सहा आठवडे. खाली जा.

खाली हंचिनमनी मॅडम.
माझ्याशी मराठी,
मोजताना मात्र ओंदु, एरडु, मूरु.
"सरकत नाही हो कडोलकर, काहीच सरकत नाही.
करंजी एका बाजूला दाबली की दुसरीकडनं सारण येतं,
तसं आलंय. नसेला टेकलंय."

करंजी बायकोला कळली.
मला कळली ती आमची पेटी:
वरची आणि खालची नीट आवळली नाही
तर सांध्यातून धातू गळतो,
पापुद्रा होऊन थिजतो.
म्हटलं, मग छिन्नीनं उडवा की.
"बहुतेकदा अंगच तो हळूहळू खातं," म्हणाल्या.
"तुम्ही फक्त आड येऊ नका."

मग आवाज उतरवून,
लघवी समजते ना? बसायची जागा बधिर नाही ना?
मी कोपऱ्यातल्या सांगाड्याकडं बघत राहिलो.
"लाजू नका. ते बिघडलं तर रात्री दोनला या,
माझ्याकडं नाही, सरळ वर."

पोटावर झोपा. कोपरांवर या. उसिरु बिड्री.
बेचाळीस वर्षांचा माणूस
फरशीवर पालीसारखी मान वर करून,
आणि समोर बायको
दुसऱ्यांच्या घरच्या चपात्या लाटायला निघालेली,
कारण माझी हजेरी बुडालेली.
तिच्या पाठीबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.

गल्लीतला बापू म्हणाला,
दोघांच्या मधे चेंगरलेली, म्हणजे आपल्या गावागतच की!
मी हसलो नाही.
हसताना, शिंकताना ती तार परत ओढली जायची.

दुखणं रेल्वेनं जायचं.
कमरेत बेळगाव, कुल्ल्यात देसूर,
गुडघ्यामागं खानापूर, अंगठ्यात लोंढा.
पहिल्या आठवड्यात थेट लोंढ्यापर्यंत, कुठंच न थांबता.
तिसऱ्यात ते खानापूरलाच उतरलं.
पण बेळगावात गर्दी वाढली,
कमर आधीपेक्षा ठणकायला लागली.
मी घाबरून फोन केला.
मॅडमना आनंद झाला!
"पायात कमी, कमरेत जास्त? परत फिरलंय ते.
हेच पाहिजे होतं मला."
किती दुखतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं.
कुठून कुठं जातं, हे त्यांनीच.

मग चालणं. आधी तिसऱ्या गेटपर्यंत, फाटक बंद असलं
की उभं राहायचं, बसायचं नाही.
मालगाडीचे डबे मोजायचे,
ओंदु, एरडु,
बावन्नपर्यंत कन्नड मला त्या फाटकानं शिकवली.

आता पेटीजवळ जातो, पाय फाकवतो, गुडघे मोडतो,
पेटी पोटाशी घेतो, झोपलेलं लेकरू घेतात तशी,
आणि वळायचं तर पावलांनी वळतो, कमरेनं नाही.
पोरं म्हणतात, काका नवरदेवागत चालतात.
म्हणू देत.

अंगठा अजून बधिर आहे.
लोंढ्यात दिवे आलेले नाहीत.
मॅडम म्हणतात, नस सावकाश जागी होते,
कधी थोडी झोपलेलीच राहते.
रात्रपाळीहून येताना चप्पल निसटते, कळत नाही.
चार पावलं मागं जाऊन
अंधारात ती पायानंच चाचपतो,
दुसऱ्या पायानं.