पापणीएवढा र

मार्चमध्ये स्वॉन्सीच्या मराठी मंडळींची सहल ठरली.
पत्रक मी केलं, त्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर.
कुणी मालक नाही त्याला, म्हणून आम्हाला परवडतो.
लिहिलं होतं: रविवारी दऱ्या पाहायला जाऊ.
छापून आलं: रविवारी दर्या पाहायला जाऊ.

डोंगराच्या पायथ्याशी, सकाळी नऊला, खांबेट्यांचं अख्खं घर
टॉवेल, पोहायचे चष्मे
आणि फुगवलेलं पिवळं बदक घेऊन हजर.
सगळे पोट धरून हसले. मीही.

रात्री भांडी घासताना हसू ओसरलं.
माझं आडनाव कुऱ्हाडे.
सहा वर्षं हा प्रोग्राम माझ्या र ला उचलून
ह च्या डोक्यावर बसवतोय
आणि मी म्हणतेय, चालायचंच, परमुलूख आहे.

मंगळवारी भांडायलाच गेले.
चॅपलची मागची खोली, एक हीटर, भोवती सातजण,
बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं दोन, बाकी वायरी.
‘तुमचा प्रोग्राम चुकतो,’ मी म्हटलं.
गेथिन, दिवसा टपाल वाटणारा, मान वर न करता म्हणाला,
‘आवर.’
मराठी कानाला ते दटावल्यासारखं लागलं.
शिवाय इंग्रजीत आमचा आणि आपला
एकाच कोटात हिंडतात.
मी ऐकलं: आमचा.
खुर्ची ओढून बसले ती रागानेच.

औषधांच्या दुकानात माझी नोकरी,
टिंब हलला तर माणूस हलतो,
बारीक बघायची सवय आहे.
पण कोड म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात
अंधारात मिठाची बरणी शोधणं.
एप्रिलभर चाचपडले. दहा ओळी झाल्या. पाठवल्या.
परत आल्या.
तपासणाऱ्या एलिनेडबाईंनी खाली लिहिलेलं:
मराठी सुधारलं, नेपाळी मोडलं.
नेपाळीतही असा र असतो? मला काय ठाऊक!
माझी भिंत लिंपताना
शेजाऱ्याची खिडकी बुजवली होती मी.

पुढच्या मंगळवारी त्या जवळ येऊन बसल्या.
वेल्शमध्ये दोन एल मिळून एक अक्षर, म्हणाल्या,
यंत्राला ती दोन वाटायची,
त्याची समजूत काढण्यात चार हिवाळे गेले.
मग जीभ टाळूला लावून कडेने वारा सोडून दाखवला:
आमच्या ळ च्या मागच्या गल्लीत राहत असावा तो आवाज.
मी कागदावर माझा र काढला.
‘अगं, ही तर पापणी,’ त्या म्हणाल्या,
आणि फुंकरीने उडेल अशा बेताने
कागद धरून राहिल्या.

तीनदा परत आलं. चौथ्यांदा, जूनमध्ये, घेतलं.
टाळ्याबिळ्या नाहीत. कुणाचा तरी फोन वाजत होता.
गेथिनने खोलीची किल्ली टेबलावरून सरकवली:
पुढचे दोन मंगळवार तो गावात नाही,
मी उघडेन का.
तेव्हा कुठे त्याचा मार्चमधला शब्द
मला नीट ऐकू आला.

घरी येऊन टाइप केलं, शेजारी शेजारी:
दऱ्या. दर्या.
बराच वेळ बघत बसले. चहा निवला.
मग नव्या सहलीचं पत्रक पाठवलं.
खांबेट्यांचा लगेच फोन, या वेळी नक्की काय?
म्हटलं, लिहिलंय तेच.
तरी बदक असू द्या गाडीत.