पेटी नेताना

हिंगोलीत, बसस्टँडच्या मागच्या बोळात
चौदा बाय दहाचं पत्र्याचं खोपट.
लिंबाजी पाईकराव तिथं पेट्या दुरुस्त करायचा.
सूर बसला की म्हणायचा, "म्हण आता. तुझं म्हण.
दुसऱ्याच्या गाण्यात पेटीची खोड झाकून जाते."

एवढंच. स्थापना वगैरे काही झाली नाही.

मंगळवारचा बाजार करून, पिशव्या पायाशी ठेवून
लोक ऐकायला थांबू लागले.
मिरचीचा ठसका लागायचा, गाणं अडायचं,
लिंबाजी तेवढा वेळ भाता धरून ठेवायचा.
बंद पडलेल्या टॉकीजच्या चार खुर्च्या आल्या.
एकीला बूड नव्हतं. ती नवख्यांसाठी.

वही माझ्याकडे. मी तेव्हा नववीत.
तारीख, नाव, गाणं कशावर, ऐकणारे किती.
मुनीर शेख, रिक्षावाले: येलदरीच्या पाण्यावर. सतरा.
उत्तम खंदारे, जलसावाले: नामांतरावर.
बोळ भरला, मोजता आले नाहीत.
वऱ्हाडे गुरुजी: स्वतःच्या बदलीवर. तीन.
त्यातला एक झोपलेला, पण मी धरला.

सरूबाई दवणे एकदाच आल्या, भावाची पेटी न्यायला.
हळद शिजवून थेट आलेल्या, नखं पिवळी,
पांढऱ्या पट्टीवर बोट उमटलं.
पोरीला शाळेतून काढलं, त्याची दोन कडवी म्हटली.
मग थांबल्या.
"तिसरं व्हायचंय अजून. झालं की नेते."

लिंबाजीनं ती पेटी विकली नाही.
भाडं थकलं तेव्हा नाही,
कॅसिओ आले, बोळात कुत्रंही फिरकेना, तेव्हाही नाही.
उंदीर लागू नयेत म्हणून
दर पोळ्याला तिच्यात कडुलिंबाचा पाला बदलायचा.
तो गेल्यावर पाला मी बदलतो.

रस्ता रुंद झाला. खोपटाचे सहा फूट डांबराखाली गेले.
उरलेल्या आठांत आता मोबाइल दुरुस्त होतात.
पोरगा भला आहे. माइक बदलला की म्हणतो,
"बोला कायतरी, आवाज जातो का बघू."
लोक हॅलो, हॅलो म्हणतात.

परवा माझा फोन नेला.
बोला, म्हणाला.
एवढी गाणी लिहून घेतली, माझं एकही नव्हतं.
सरूबाईंचं पहिलं कडवं म्हटलं, हळूच.
दुसऱ्याला घसा बसला.

"जातोय काका आवाज," पोरगा म्हणाला,
"एकशे वीस द्या."